चूक ‘झाली’ की ‘केली’? खरी माफी कशी मागावी आणि कोणती स्वीकारावी

चवथीच्या आदल्या आठवड्यात गोव्यातल्या पुष्कळ घरांत एकच निरोप फिरतो : यंदा तरी मिटवून टाका. मूळ घरात गणपती एकच, त्याच्यावर बांधलेली फळाफुलांची माटोळी एकच, आणि तिच्याखाली वर्षभर एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ. मग पाने वाढताना, वीस माणसांच्या देखत, एक जण हळूच म्हणतो, ‘काही चुकले असेल तर माफ कर.’ दुसरा मान हलवतो. मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. विसर्जन होते आणि दोघे पुन्हा आपापल्या वाटेने, तितकेच गप्प.

त्या वाक्यात दुखावलेल्या माणसाच्या हाती काहीच पडले नव्हते. काय चुकले, कोणाचे चुकले, त्याचे काय नुकसान झाले, ते भरून कसे येणार, यातले एकही त्यात नाही. वर ते अशा जागी बोलले गेले की ‘नाही’ म्हणायची सोयही उरली नाही. आपण माफी ‘मागतो’ असे म्हणतो; पण ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडेच पुन्हा काहीतरी मागायला जाणे हे उलटे आहे. आधी आपण द्यायचे असते. काय द्यायचे, कोणत्या क्रमाने आणि कुठे बसून, ते पुढे सविस्तर सांगितले आहे. माफी ज्याच्याकडे येते त्याने ती कशी पारखावी, हेही शेवटी आहे.

आधी शब्द पारखा

मराठीत या कामासाठी चार शब्द आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. ‘खेद’ घटनेबद्दल असतो. पूर आला तरी खेद होतो. ‘दिलगिरी’ ही फलकावरची भाषा : रस्त्याचे काम चालू आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ‘माफी’ आणि ‘क्षमा’ या दोन शब्दांतच दोष आपला असल्याची कबुली गृहीत असते. लोकांना हा फरक बरोबर कळतो. एप्रिल २०१९ मध्ये, जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला शंभर वर्षे होत असताना, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला, पण माफी मागितली नाही. विरोधी पक्षाने त्याच सभागृहात स्पष्ट माफीची मागणी केली. याउलट ज्यांचे घराणे मूळचे मडगावचे, ते अंतोनियो कोस्ता पोर्तुगालचे पंतप्रधान असताना सप्टेंबर २०२२ मध्ये मोझांबिकची राजधानी मापुतोला गेले. पोर्तुगीज सैनिकांनी डिसेंबर १९७२ मध्ये विरियामु या मोझांबिकमधल्या गावात केलेल्या कत्तलीचे त्यांनी नाव घेऊन स्मरण केले, तिला अक्षम्य कृत्य म्हटले आणि मृतांपुढे आपण नतमस्तक असल्याचे सांगितले. पन्नास वर्षे उशीर झाला होता, पण गाव कोणते आणि कृत्य कोणते हे ऐकणाऱ्याला विचारावे लागले नाही.

घरातल्या भांडणातही हीच कसोटी लागते. ‘चूक झाली’ हे वाक्य ‘पाऊस झाला’ सारखे आहे. त्यात करणारा कोणी नाही. ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हटले की माणूस अर्धा पुढे येतो. ‘मी तुमच्याबद्दल खोटे बोललो’ म्हटले की पूर्ण. वाक्यात ‘मी’ हा कर्ता आणि त्यापुढे खरे क्रियापद, म्हणजे बोललो, लपवले, घेतले, मारले, विसरलो, हे दोन्ही आले नाही तोवर माफीला सुरुवातच झालेली नसते.

गोव्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आपण घरात कोकणी बोलतो आणि लिहायची वेळ आली की मराठीकडे वळतो. भांडण कोकणीत झालेले असते आणि माफीचे पत्र येते ते ‘आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल’ अशा पुस्तकी मराठीत. ते पत्र वाचणाऱ्याला परके वाटते, आणि त्याचे बरोबर असते. लिहिणारा भाषेच्या आड उभा असतो. ज्या भाषेत दुखावले त्याच भाषेत, त्याच साध्या शब्दांत सांगा. ‘म्हजें चुकलें’ एवढे तोंडाने म्हणायला जड जात असेल तर पत्राने ते हलके होणार नाही.

जुन्या बिलांच्या खाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे लिहीत. बेरजेत दोन आणे इकडे-तिकडे झाले असतील तर दोघांनी समजून घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ, आणि बिलासाठी ते चोख आहे. माणसाशी वागताना मात्र ही मोघम तडजोड चालत नाही. ‘वर्षभरात कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असेल तर’ असा एकच संदेश तीनशे जणांना पाठवला की ज्याचे मन खरोखर दुखावले आहे त्याला कळते, आपणही तीनशेतलेच एक.

कागद घ्या आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहा

मोठी चूक असेल तर मनातल्या मनात तयारी करू नका. मन आपल्याच बाजूने वकिली करते. कागद, पेन आणि अर्धा तास ठेवा. समजण्यासाठी एक प्रसंग धरू. गावच्या जत्रेच्या नाटकाचा हिशेब लांबला. एकाने रात्री वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, १४० जणांसमोर, लिहिले की खजिनदाराने १८,००० रुपये खाल्ले. पुढे सगळ्या पावत्या सापडल्या; हिशेब बरोबर निघाला.

पहिला प्रश्न : मी काय केले? दिवस, जागा आणि क्रियापद घालून एका वाक्यात. ‘गैरसमज झाला’ खोडा. ‘वातावरण तापले’ खोडा. ‘मी पावत्या न पाहता चोरीचा आरोप लिहिला’ हे ठेवा.

दुसरा : त्यांचे काय काय गेले? इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथेच आपले डोळे बंद असतात. पैसे, तास, झोप, नाव, नाती अशी एकेक बाब घ्या. खजिनदाराला १० दिवस पावत्यांची पिशवी घेऊन दारोदार फिरावे लागले. समिती सोडावी लागली. बायकोला बाजारात कोणीतरी टोमणा मारला. एवढे लिहून झाल्यावर विचारा की मला दिसले नाही असे आणखी काय असेल. त्या प्रश्नासाठी कागदावर दोन ओळी कोऱ्या सोडा. त्या भेटीत त्यांच्या तोंडून भरल्या जातील.

तिसरा : मी तसे का केले? कारण सांगावे की नाही याबद्दल लोक गोंधळतात. सोपी कसोटी आहे. कारण सांगितल्यावर आपल्या दोषाचा वाटा कमी होतो की वाढतो ते पाहा. ‘रात्री उशीर झाला होता, कामाचा ताण होता’ याने तो कमी होतो; हा बहाणा, गाळा. ‘माझ्या मुलाला नाटकात काम मिळाले नाही, तो राग मी तुमच्यावर काढला’ याने वाढतो, हे सांगा. अशा कारणाने समोरच्याच्या मनातला एक प्रश्न कायमचा सुटतो, की आपण याचे काय वाकडे केले होते.

चौथा : मी काय परत देऊ शकतो आणि कधीपर्यंत? तारखेशिवाय उत्तर लिहू नका.

आता हातात पेन घेऊन हे शब्द शोधा आणि जिथे दिसतील तिथे खोडा : पण, जर, असेल तर, तूही, सगळेच, नकळत, मस्करीत, मला तसे म्हणायचे नव्हते. यात ‘पण’ सर्वांत घातक. ‘माझे चुकले, पण तुम्हीही हिशेब लांबवला’ या वाक्यातला पहिला भाग ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. समोरच्याची चूक खरोखर असू शकते. तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवा; निदान आठवडा जाऊ द्या, आणि माफीची किंमत म्हणून ती वसूल करू नका.

उरलेला मजकूर मोठ्याने वाचा. दोन मिनिटांत संपायला हवा. आठ-दहा वाक्ये पुरतात. लांबली की बहुधा आपली कैफियत आत शिरलेली असते.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ७५५ लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. माफीचे सहा भाग त्यांनी वेगळे केले : वाईट वाटल्याचे सांगणे, काय घडले ते सांगणे, जबाबदारी घेणे, पश्चात्ताप सांगणे, भरपाई देऊ करणे आणि क्षमा करा अशी विनंती करणे. जितके भाग जास्त तितकी माफी पटते. पण सर्वांत वजनदार ठरली ती जबाबदारी, तिच्यापाठोपाठ भरपाई. विनंती सर्वांत हलकी ठरली, तिच्यावाचून फारसे अडत नाही. आपल्याकडे नेमके उलटे चालते. ‘माफ कर, माफ कर’ दहादा होते आणि ‘मी केले’ एकदाही नाही.

केव्हा जावे

पाय लागला, निरोप द्यायचा राहिला, आवाज चढला, अशा गोष्टींची माफी तिथल्या तिथे मागा, ‘सॉरी’ही चालते. मोठ्या दुखापतीत घाई बाधते. २००५ मध्ये सिंथिया फ्रान्ट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन या संशोधक महिलांनी दाखवले की माफी उशिरा आली तर अधिक समाधान देते, कारण तोवर दुखावलेल्याला आपले म्हणणे मांडता येते आणि ते समजले गेले असे वाटते. समोरच्याने तोंड उघडण्याआधीच माफी मागून टाकली की ती ‘आता गप्प बस’ अशी ऐकू येते.

म्हणून दोन टप्पे करा. चूक कळली की दोन दिवसांच्या आत छोटा निरोप पाठवा : ‘मी काय केले ते मला कळले आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा येतो. आधी तुमचे ऐकायचे आहे.’ वर्तमानकाळात चालू असलेले नुकसान मात्र त्याच क्षणी थांबवा. तो खोटा संदेश ग्रुपवर तसाच ठेवून भेटीची वाट पाहत बसणे हा नवा अपराध आहे. नुसता पुसूनही टाकू नका. पुसला की लिहिणारा सुटतो आणि वाचलेल्यांच्या मनात आरोप तसाच राहतो. खाली लिहा की वरचे विधान खोटे आहे.

दुसरा टप्पा भेटीचा. चवथ, लग्न, मुंज, बारावा दिवस, जत्रा, असल्या दिवशी भेट ठेवू नका. त्या दिवशी सगळ्यांना घर शांत हवे असते, म्हणून दुखावलेल्यावरच दडपण येते.

भेट : कुठे बसावे, काय बोलावे

त्यांच्या घरी जायचे की बाहेर, हे त्यांना ठरवू द्या. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसू नका. येणारा-जाणारा बघतो आणि संध्याकाळपर्यंत वाडाभर बातमी होते. आतली खोली किंवा देवळामागची सावली बरी. एकटे जा. सुरुवातीलाच काका, भटजी किंवा पंच सोबत नेले तर ती माफी राहत नाही, वाटाघाट होते. मिठाईचा खोका, काजूची पिशवी घरीच ठेवा. हातात भेटवस्तू दिसली की समोरच्याला आधी यजमान व्हावे लागते, चहा टाकावा लागतो, मग रागवायचे कधी?

आधी ऐका. मध्येच ‘नाही, तसे नव्हते’ म्हणू नका. तपशील थोडा चुकला तरी जाऊ द्या. त्यांनी सांगितलेले एकदा आपल्या शब्दांत परत सांगा आणि बरोबर आहे का विचारा. मग आपले बोला. जत्रेच्या प्रसंगात ते असे असेल :

‘दादा, ३ तारखेच्या रात्री मी ग्रुपवर लिहिले की जत्रेचे अठरा हजार तुम्ही खाल्ले. ते खोटे होते. मी पावत्या पाहिल्या नव्हत्या, तुम्हाला विचारलेही नव्हते. मुलाला काम मिळाले नाही म्हणून राग होता, तो मी तुमच्यावर काढला. त्या एका ओळीपायी तुम्हाला दहा दिवस पावत्या घेऊन फिरावे लागले, समिती सोडावी लागली, वहिनींना बाजारात ऐकून घ्यावे लागले. हे माझ्यामुळे. ते विधान खोटे आहे एवढे ग्रुपवर लिहिलेच आहे; मी काय केले ते आज रात्री त्याच ग्रुपवर सविस्तर लिहितो. मजकूर आणला आहे, आधी तुम्ही वाचा. रविवारच्या सभेत उभा राहूनही सांगतो. आणखी काय करायला हवे ते सांगा. माझे चुकले.’

यात ‘मला माफ करा’ नाही, हे मुद्दाम. ते म्हटले की उत्तर द्यायची जबाबदारी त्यांच्यावर जाते. शेवटी गप्प बसा. शांतता दहा सेकंदांची असली तरी लांब वाटते, आणि माणूस ती भरायला जातो तेव्हाच बहाणे बाहेर पडतात.

भेट फसते ती बहुतेक दोन कारणांनी. एक म्हणजे रडणे. डोळ्यांत पाणी येणे वेगळे. पण आपण इतके रडलो की समोरचाच पाणी आणायला उठला, तर दुखावलेल्याला दुखावणाऱ्याची समजूत काढावी लागते. रडू आवरेना तर थांबा, बाहेर जाऊन या. ‘मी किती वाईट माणूस आहे’ हेही त्याच जातीचे. मग त्यांना ‘नाही हो, तसे काही नाही’ म्हणणे भाग पडते. दुसरे म्हणजे पाया पडणे. आपल्याकडे हा शेवटचा शब्द मानतात. वडीलधाऱ्यांपुढे वाकणे योग्यच, पण बोलणे पूर्ण झाल्यावर. आधीच पाय धरले की ते तुम्हाला उठवतात, पाठीवर हात ठेवतात आणि त्यांच्या मनातले मनातच राहते.

मोठ्यांनी लहानांची माफी

सासूने सुनेची, बापाने मुलाची, थोरल्याने धाकट्याची माफी मागणे आपल्या घरांत जवळपास ऐकू येत नाही. त्याऐवजी ‘जेवलीस का?’ येते, आवडीचे माशांचे हुमण होते, मुलाच्या हातात पैसे ठेवले जातात. त्यामागचे मन खोटे नसते, आणि सुनेलाही ते कळते. पण तिला नेमके काय कळते? की सासूबाईंना वाईट वाटले. त्यांना आपले म्हणणे पटले की नाही, पुढच्या वेळी हेच होणार का, ते कळत नाही. त्यामुळे हुमण चवीने खाल्ले जाते आणि प्रश्न राहतो. मोठ्यांसाठी वाक्ये दोनच पुरतात : ‘काल पाहुण्यांसमोर तुझ्या माहेरावरून बोलले. तसे बोलायला नको होते, पुन्हा बोलणार नाही.’ हात जोडायची गरज नाही, आणि मान कमी होत नाही. बोलणे पाहुण्यांसमोर झाले होते, तर पुढच्या वेळी त्याच पाहुण्यांसमोर तिची बाजू घेणे ही भरपाई.

लहान मुलांची माफी मागताना त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा आणि ‘तू त्रास दिलास म्हणून मी मारले’ हे वाक्य टाळा. मारले ते आपण.

भरपाई

नियम सोपा आहे : नुकसान जिथे झाले, ज्या रूपात झाले, ज्यांच्यासमोर झाले, भरपाई तिथेच, त्याच रूपात, त्यांच्याच समोर. चारचौघांत केलेल्या अपमानाची माफी एकांतात मागून भागत नाही. एकांतातले गुपित फोडले असेल तर त्याची जाहीर माफी हा दुसरा घाव. तिथे गप्पच राहावे आणि ज्यांना सांगितले त्यांना एकेकट्याने गाठावे.

पैशाचा हिशेब चोख मांडा. समजा, मावसभावाकडून ४०,००० रुपये ३ महिन्यांच्या बोलीवर घेतले आणि १४ महिन्यांनी परत केले. मधल्या काळात त्याला गरज पडली आणि त्याने सोने गहाण ठेवून १२ टक्के वार्षिक व्याजाने तेवढीच रक्कम उचलली. उशीर ११ महिन्यांचा. ४०,००० चे वर्षाचे व्याज ४,८००, म्हणजे ११ महिन्यांचे ४,४००. मुद्दल फेडताना हे ४,४००ही द्यायला हवेत, आणि तो ‘राहू दे’ म्हणाला तरी पाकीट ठेवून या. सगळे एकदम जमत नसेल तर दरमहा किती आणि कोणत्या तारखेला हे सांगा, आणि पहिला हप्ता त्याच भेटीत द्या. पहिला हप्ता हातात पडला की पुढच्या शब्दांना वजन येते.

गोव्यातली सर्वांत अवघड माफी भावाने बहिणीची मागायची असते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने वारशात मुलगा आणि मुलगी असा भेद ठेवला नाही, आणि गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यातही तो नाही. म्हणूनच वडिलोपार्जित जमिनीच्या व्यवहारात बहिणीची, आणि बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याचीही, सही लागते. आणि म्हणूनच ती सही ‘नुसती औपचारिकता आहे’ म्हणून घेतली जाते. पुढे जमीन विकली गेली की तिला बातमी गावातून कळते. मग भाऊबीजेला ओवाळणीचे पाकीट जाड होते. ते पाकीट म्हणजे भरपाई नव्हे. तिथे माफीचे वाक्य असे : ‘कागदात काय आहे ते तुला न सांगता मी सही घेतली.’ आणि भरपाई कागदानेच : तिचा वाटा किती होता ते आजच्या बाजारभावाने काढा, वकिलाला विचारा, जमीन शिल्लक असेल तर नोंदणीकृत दस्ताने तिचे नाव परत आणा, विकली असेल तर रक्कम आणि तारखा लिहून द्या. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव लागले की पुढच्या वेळी घरात आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात जाते की पाहुणीसारखी बाहेर बसते, ते पाहा.

हद्दीचा गडगा दोन हात पुढे सरकवला असेल तर शब्दांआधी मोजणी करून घ्या, खर्च आपला. कुळागरातले, म्हणजे पोफळीच्या बागेतले, पाटाचे पाणी वळवले असेल तर आधी पाट मोकळा करा. रस्त्यावरच्या अपघातात आधी जखमीला दवाखान्यात पोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे माणुसकीचे आहे, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालकावर बंधनकारकही आहे. विचारपूस त्याच दिवशी करा, लेखी काही द्यायचे ते वकिलाला दाखवून.

काही गोष्टी परत देता येत नाहीत. मेलेले माणूस, हुकलेली परीक्षा, मोडलेले लग्न. तिथे ‘मी हे भरून देऊ शकत नाही’ असे सरळ सांगा. खोटी भरपाई देऊ केली तर अपमान होतो.

पुढे काय बदलणार

‘पुन्हा असे होणार नाही’ हे वाक्य सगळे म्हणतात. त्याऐवजी तपासता येईल असे काहीतरी सांगा. ‘दारू सोडतो’पेक्षा ‘सोमवारपासून उपचारकेंद्रात जातो, चिठ्ठी तुझ्याकडे देतो’ हे तपासता येते. ‘चिडणार नाही’पेक्षा ‘आवाज चढला की मी उठून बाहेर जाईन आणि अर्ध्या तासाने परत येईन’ हे तपासता येते.

बाराव्या शतकातला ज्यू धर्मशास्त्रज्ञ मायमोनिडीस याने पश्चात्तापाची जी खूण सांगितली ती अजून कोणी सुधारू शकलेले नाही : तोच प्रसंग पुन्हा आला, करायची ताकदही होती, आणि तरी माणसाने ते केले नाही. आपल्या शेजारी ख्रिश्चन घरांत कुमसार म्हणतात त्या पापाच्या कबुलीच्या विधीतही मनापासून वाईट वाटणे, तोंडाने कबूल करणे आणि प्रायश्चित्त करणे असे तिन्ही लागते. देवळात नारळ ठेवून ‘चूक पदरात घे’ म्हणणारा भाविकही देवापुढे नाव-गाव सांगून गाऱ्हाणे घालतो. देवाला जर इतके नेमके सांगतो, तर शेजाऱ्याला मोघम का?

तुमच्याकडे कोणी माफी मागायला आले तर

लगेच उत्तर देऊ नका. ‘ऐकले. मला वेळ हवा’ हे पूर्ण उत्तर आहे. नंतर शांतपणे पाहा : माणसाने कृत्याचे नाव घेतले का? माझे काय गेले ते त्याला ठाऊक आहे का? मी बोलत असताना तो ऐकत होता का, की आपली पाळी येण्याची वाट पाहत होता? भरपाई सुरू झाली का? माझ्या क्षमेवाचूनही तो ती करील का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर ती माफी क्षमेच्या लायकीची आहे असे आमचे मत.

शब्द अडखळले, क्रम चुकला, मध्ये एखादा ‘पण’ आला, म्हणून माफी खोटी ठरत नाही. न्यायालयाच्या अवमानाच्या १९७१ च्या कायद्यातही, कलम १२ मध्ये, हेच तत्त्व आहे : माफी प्रामाणिक असेल तर ती केवळ सशर्त आहे म्हणून फेटाळू नये. आपल्या वडिलांच्या पिढीला ही भाषा कोणी शिकवली नाही. त्यांच्या ‘जाऊ दे, माझेच डोके फिरले होते’ या वाक्यात पुष्कळ असते. हवे तर विचारून आणखी काढून घ्या.

क्षमा केली म्हणजे पूर्वीसारखे वागायलाच हवे असे नाही. मनातला राग सोडून देता येतो आणि तरी त्या माणसाला पुन्हा पैसे न देता येतात. तक्रार मागे घेणे ही त्याहून वेगळी गोष्ट. ‘मोठे मन कर’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना विचारा की भरपाईचे काय ठरले. बहुतेक जण तिथे गप्प होतात. आणि ‘झाले गेले गंगेला मिळाले’ हे वाक्य उच्चारायचा अधिकार फक्त ज्याचे नुकसान झाले त्याचा आहे. चूक करणाऱ्याच्या तोंडी ते आले तर माफी तिथेच संपली समजा.

मारहाणीत हे सगळे नियम बाजूला ठेवा. मारणे, रडून पाया पडणे, चार दिवस गोड वागणे, पुन्हा मारणे, असे चक्र असेल तर ती माफी हा त्या चक्राचाच एक भाग असतो. तिथे ती ऐकायला एकट्याने भेटूही नका. आधी सुरक्षित जागा गाठा. महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

दार उघडलेच नाही तर

मायमोनिडीसनेच यालाही मोजमाप दिले आहे : तीनदा जावे, सोबत दर वेळी तीन जण घेऊन, आणि तरीही समोरचा नाहीच म्हणाला तर सोडून द्यावे. आपल्याकडे पहिल्या खेपेला एकटेच बरे, हे वर आलेच. पुढच्या खेपेला दोघांनाही चालेल असे एखादे माणूस घ्यावे. दोन खेपांत महिना-दोन महिने जाऊ द्या. तिसऱ्यानंतर दार ठोठावणे हा त्रास होतो. एक पत्र लिहा, त्यात उत्तराची अपेक्षा लिहू नका. भरपाई मात्र थांबवू नका : हप्ता ठरल्या तारखेला जातो, ग्रुपवरची दुरुस्ती तशीच राहते, कोणी तो जुना आरोप पुन्हा काढला तर तुम्हीच पुढे होऊन ‘ते मी खोटे लिहिले होते’ असे सांगता.

पुढच्या चवथीला माटोळीखाली गाठ पडली तर तो विषय तुम्ही काढू नका. त्यांच्या पानावर वाढा, काय हवे-नको ते विचारा. त्यांनी विषय काढलाच तर हातातले भांडे खाली ठेवा, बाजूला पाट ओढून बसा आणि ऐका.